आडवा बंब

आमच्या आईनं आयुष्यभर धूर खाल्ला, पण तो फुकटचा. मुद्दाम वेल्डिंग करून, टेम्पोत घालून धूर घरी आणला तो माझ्या भावानं. पिंपळवंडीत आमचं घर मळ्यात, रस्त्यापासून बरंच आत. पुढं ओटा, ओट्याला लागून पत्र्याचं स्वयंपाकघर. त्यात गॅसची शेगडी होती आणि शेगडीच्या शेजारी चूलही होती, कारण अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, गॅसवरची भाकरी घशाखाली उतरत नसे. पाहुणा आला की अण्णा पहिल्या घासाला म्हणायचे, "चुलीवरच्या भाकरीची चवच लई न्यारी राव." आत आई पदरानं डोळे पुसत पुढची भाकरी थापत असायची. सकाळी जाग यायची ती या थापण्यानं, मग विहिरीवरची मोटर सुरू व्हायची, मग अण्णांचं खाकरणं. बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी पाट्यावर खोबरं-कांदा वाटल्याचा वास आला की समजायचं, आज काळ्या मसाल्याचं काहीतरी आहे. बाकीच्या वारी मासवडी. नाव मासवडी असलं तरी तिच्यात माशाचा कण नसतो, बेसन, तीळ आणि खोबरं असतं, हे मी पुण्याच्या लोकांना इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता दमले.

दादा पुण्याजवळच्या एका कंपनीत वर्षभर कामाला होता. तिथून परत आला तो दाढी आणि एक कल्पना घेऊन. येडगाव धरणाच्या पाण्याला लागून आमचा एक पडीक तुकडा होता, तिथं तो तंबू ठोकणार होता. शनिवारी पुण्याचे पावणे येणार, पाण्याकडं बघत बसणार, आणि जेवायला स्मोक केलेलं मटण खाणार. हे त्यानं ओट्यावर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. कंपनीत त्याला भिंतीवर चित्रं पाडून बोलायची सवय लागली होती, पण आमच्या भिंतीवर चित्रं पडत नव्हती म्हणून तो हवेत हात फिरवत होता.

आईनं विचारलं, "स्मोक म्हंजे रं काय?"

"धूर, आई."

"मंग माज्या सैपाकघरात बसव की पावण्यांना. तंबू कशाला पायजे?"

दादानं तिच्याकडं दुर्लक्ष केलं. त्याच्या फोनमध्ये अमेरिकेतला एक दाढीवाला होता. तो लोखंडाच्या एका भल्यामोठ्या पिंपाजवळ उभा राहून बारा-बारा तास मांस भाजायचा आणि शेवटी बोटांनी ते तोडून दाखवताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तो ज्याचं मांस भाजायचा त्याचं नाव आमच्या ओट्यावर काढायची सोय नव्हती, म्हणून दादानं मनातल्या मनात तिथं बोकड बसवला. तसलं पिंप करून घ्यायला तो आळेफाट्याला गेला. तिथला वेल्डिंगवाला जन्मभर ट्रॉल्या आणि गेटं करत आलेला. त्यानं फोनमधलं चित्र आडवं-उभं करून बघितलं आणि म्हणाला, "अरे, हा तर बंबच! आडवा पाडलेला." आमच्या गावात त्या यंत्राला दुसरं नाव कधी पडलंच नाही. खरंच ते आंघोळीच्या पाण्याचा बंब आडवा झोपवल्यासारखंच दिसायचं. जाड पाइपाचं लांब पोट, त्याच्या एका अंगाला खाली लाकडं जाळायची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. जाळ पेटीत आणि मटण पोटात. जाळाची ऊब आणि धूर मटणावरून फिरून धुराड्यानं बाहेर जाणार. बघायला निम्मी वाडी लोटली. "जाळ खाली न्हाई तर शिजनार कसं?" हा एकच प्रश्न सगळ्यांनी वेगवेगळ्या आवाजात विचारला, आणि एकानं लग्नसराईत पाणी तापवायला तो भाड्यानं मागितला.

पहिल्या रविवारी दादानं काळा ॲप्रन घातला, काळे हातमोजे घातले आणि बांधावरची नुकतीच तोडलेली ओली बाभूळ पेटीत कोंबली. धूर असा उठला की शेजारचे चौघं ऊस पेटला म्हणून बादल्या घेऊन पळत आले. दादा दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचा, आत फोन धरायचा, "लो अँड स्लो, मित्रांनो" म्हणायचा आणि झाकण लावायचा. सहा तासांनी मटण बाहेर निघालं. त्याला खोकल्याच्या औषधाची चव होती. आमच्या कुत्र्यानं ते हुंगलं आणि तो उसात निघून गेला. दादानं मात्र बोटांनी तोडून दाखवलं, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुरानं. अशा तीन रविवारांनंतर त्याला ड्रोननं फवारणी करायची कल्पना सुचली आणि बंब आंब्याखाली पडून राहिला. पेटीत एक कोंबडी अंड्यांवर बसली.

मी तेव्हा बारावी झाले होते आणि उशीखाली एक फॉर्म ठेवून झोपत होते. पुण्यातल्या हॉटेलच्या कोर्सचा फॉर्म. मला स्वयंपाक शिकायचा होता, नीट, एखादा गडी इंजिन शिकतो तसा. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी वाटलं, मी चेष्टा करते.

"सैपाक शिकाया पुण्याला? फी भरून? अगं, हितं तुजी आई फुकट शिकवती."

अण्णांचा एक गुण सांगितला पाहिजे. त्यांनी मला कधी "नाही" म्हटलं नाही. नाही म्हणणारा बाप वाईट दिसतो. ते अट घालायचे, आणि ती चारचौघांत घालायचे, म्हणजे हरणाऱ्याला पळता येऊ नये. त्या संध्याकाळी ओट्यावर तात्या बसले होते. तात्या अण्णांचे चुलते, भावकीत सगळ्यांत मोठे, ज्यांनी हो म्हटल्याशिवाय आमच्याकडं बारशाचं नावही ठरत नसे. अण्णा त्यांच्या देखत म्हणाले, "ह्या जत्रंच्या तिखटाच्या दिवशी भावकीला तू जेवू घाल. तुज्या हातचं मागून मागून खाल्लं सगळ्यांनी, तर तू पुण्याला. न्हाई खाल्लं, तर ओतूरचं स्थळ आलंय त्येला गपगुमान हो म्हणायचं. तात्या, तुमी साक्षीला."

तात्यांनी मान हलवली. ओतूरचा मुलगा मी पाहिला होता. वाईट नव्हता. त्यानं मला एकच विचारलं होतं, "मटण जमतं का?" आणि त्यावर दोन्हीकडची माणसं हसली होती. आज चष्मा पुसत हे लिहिताना मला त्या मुलाचा राग येत नाही, पण तेव्हा मी त्या हसण्याच्या आठवणीनं रात्रीचं जेवले नव्हते.

आता चुलीवर केलं असतं तर गोष्ट सोपी होती, पण मग सगळ्यांनी म्हटलं असतं, आईनंच करून दिलं. आमच्या आईचा मटणाचा रस्सा भावकीत वीस वर्षं गाजत होता. मला असं काहीतरी करायचं होतं ज्याचा आळ आईवर घेता येणार नाही. सबंध मळ्यात तशी एकच वस्तू होती, आणि तिच्यात कोंबडी बसली होती. पिलं निघेपर्यंत मी थांबले आणि मग बंब घासायला घेतला.

शिकायचं कुणाकडून? दाढीवाल्याचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, आणि जे कळायचं त्यात तो स्वतःच्या वडलांबद्दल बोलायचा. मला गुरू भेटला तो आळेफाट्याच्या हार्डवेअरच्या दुकानात. कांतीशेठ. तीन पिढ्यांमागं मारवाडातून आलेलं जैन घर, आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. मी बंबाला बसवायला तापमानाचा काटा मागितला. शेठनी विचारलं, कशाला? मी "पाणी तापवायला" म्हणाले. शेठ म्हणाले, "पाणी तापलं की उकळतं, बाळ. त्याला काटा लागत नाही." मग मी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, आता हाकलतील. शेठनी वही बाजूला सारली. मग म्हणाले, "त्या पिंपात काय ठेवता ते माझ्यापुढं बोलायचं नाही. पण धुराचं विचारायचं असेल तर विचार. या भागातल्या निम्म्या गुऱ्हाळांची धुराडी आमच्या दुकानातून गेलीत."

एका दुपारी ते खरंच मळ्यात आले. बंबापासून पंचवीस पावलं लांब, चिंचेखाली, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. त्या दिवशी आत फक्त वांगी आणि टोमॅटो होते, तसं मी ओरडून सांगितलंही. शेठ तिकडून ओरडले, "मला माहीत नाही आणि मला माहीत करून घ्यायचं नाही! धूर पांढरा का येतोय ते बघ!" लाकूड ओलं होतं. वर्षभर वाळलेलं, ओंडक्याला ओंडका लावल्यावर खणखण वाजणारं लाकूड पाहिजे. जाळ लहान पण जिवंत पाहिजे, धुमसता नको. धुराड्याचं तोंड उघडं ठेवायचं आणि वारा खालच्या झडपेनं आवरायचा. "धूर निळसर, दिसला न दिसला असा आला पाहिजे," शेठ म्हणाले. "आणि झाकण किती वेळा उघडतेस?"

"सारखं. बघायला."

"पर्युषणात मी आठ दिवस उपास करतो. दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात डोकावलो तर होईल का माझा उपास? ठेवलंय ना आत? मग विश्वास ठेव आणि बस."

एवढं मोठं शिक्षण मला नंतर कुठल्या कॉलेजात मिळालं नाही. पुढं मटणाचं सुरू केल्यावर मला कळलं की तीन-चार तासांनी आतली ऊब एका जागी अडकून बसते, काही केल्या मांस पुढं शिजत नाही आणि माणूस घाबरून लाकडं कोंबतो. मी घाबरून दुकानात गेले. काय शिजत नाही ते बोलायची बंदी, म्हणून मी म्हणाले, "शेठ, ते अडकतं." शेठनी वहीतून डोकं न काढता सांगितलं, "उपासाला दुपारी चारला मलाही तसंच होतं. पाचला जातं. काही करू नको." आणि खरंच, काही केलं नाही की ते आपोआप पुढं सरकायचं.

अमेरिकेत माणसाला सरावाला आठवड्याचे सात दिवस मिळत असतील. आमच्याकडं सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार आईच्या उपासाचा, शनिवार मारुतीचा. त्यात एकादशी-चतुर्थी घुसली की उरलेल्या तीन वारांतलाही एखादा जायचा. त्यामुळं मी दोन महिन्यांत टोमॅटो भाजण्यात जितकी तयार झाले तितकी मटणात झाले नाही. जे काही व्हायचं ते अण्णा खायचे. हाडापर्यंत खायचे, बोटं चाटायचे, आणि मग ताट सारून म्हणायचे, "बरं हाय. पण रस्सा कुठाय?" आमच्या भागात रस्सा नसलेलं मटण म्हणजे नवरदेव नसलेली वरात. वर "असल्या वासानं बिबट्या दारात येतोय का न्हाई बघ" हेही असायचंच. बिबट्या तसाही यायचा, उसात त्याचं घरच होतं, पण अण्णांना कारण लागायचं.

जत्रेच्या पहिल्या दिवशी गोडाचा नैवेद्य झाला. दुसरा दिवस तिखटाचा, म्हणजे मटणाचा. मी उजाडायच्या आत बंब पेटवला. मांड्या आणि फऱ्यांना, म्हणजे पुढच्या खांद्यांना, आदल्या दिवशीच मीठ, हळद, लसूण आणि आईचा काळा मसाला चोळून ठेवला होता. चिंचेचं वाळकं लाकूड, वर थोडी बाभूळ. हाडं, मान आणि कापाकापीतलं किडूकमिडूक आईनं मागून घेतलं होतं, कारण जत्रेला रस्सा होणार नाही ही कल्पनाही तिच्या डोक्यात मावत नव्हती. पुरुषमाणसं सकाळीच बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटावर गेली. तिकडचा भोंगा आमच्या मळ्यापर्यंत ऐकू यायचा. "भिर्रर्र" झालं की आमची वासरं कान टवकारायची. मी बंबाजवळ पाटावर बसून राहिले. निळा धूर. काट्यावर नजर. दहाच्या सुमारास ते अडकलं, मी काही केलं नाही, साडेअकराला सुटलं. बाराला झाकण उघडलं आणि खरं सांगते, मला माझ्याच हाताचा मोह झाला. वरून काळंकुट्ट, कडक, मसाला आणि धूर मिळून झालेली साय. बोट दाबलं की आतून रस यायचा. मांडीचं हाड ओढलं की नुसतं हातात.

दाढीवाल्यानं सांगितलं होतं की काढल्यावर तासभर झाकून ठेवायचं, मांसाला विसावा द्यायचा. मी ते सगळं मोठ्या पातेल्यात ठेवलं, स्वच्छ धोतराच्या फडक्यानं झाकलं, स्वयंपाकघरात आणून ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या केसांपासून नखांपर्यंत धूर भरलाय आणि अशा अवतारात भावकीपुढं वाढायला जाता येणार नाही. आई देवळात नारळ द्यायला गेली होती. मी आंघोळीला गेले. त्या विसाव्यानं माझा घात केला.

घाटावर कसली तरी भांडाभांडी होऊन शर्यती लवकर मोडल्या. तीस-बत्तीस भुकेली माणसं अर्धा तास आधीच ओट्यावर येऊन बसली. आई देवळातून धावत आली, अण्णा बाहेरून ओरडत होते, "अगं, वाढा की! काय चाललंय?" आईनं फडकं उचललं. आत काळाठिक्कर पडलेला ढीग. सरावाचे लहान तुकडे एवढे काळे कधी पडले नव्हते, आणि मोठ्या मांड्या अशाच निघतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला दिसलं एवढंच, की पोरीनं जाळलं. ओतूरचं स्थळ तिला माहीत होतं, साक्षीला बसलेले तात्या माहीत होते, आणि पोरीची लाज राखायला पाच मिनिटं होती. तिनं ते सगळं मोरीत नेलं, नळाखाली धरलं, काथ्यानं घासून काळं काढलं, तुकडे केले आणि उकळत्या रश्श्यात सोडून दिलं.

मी ओले केस पुसत आले तेव्हा मोरीतून काळं पाणी वाहत होतं.

"आई, हे काय केलंस गं?"

"गप ऱ्हा," आई हळूच म्हणाली आणि माझ्या गालाला ओला हात लावला. "कुणाला कायबी कळलं न्हाई. वरचं जळकं समदं घासून काढलंय म्या. आता रश्श्यात कोन बघतंय?"

तिच्या डोळ्यांत नुसती माया होती. माझे दोन महिने त्या मोरीतून पेरूच्या झाडाकडं वाहत चालले होते. मी भिंतीला टेकून खाली बसले. बाहेर पंगत बसली, बायकांनी वाढायला घेतलं, भाकरी कुस्करल्या गेल्या, रस्सा पडला. आणि मग एक गोष्ट घडली जी जत्रेच्या पंगतीत कधी घडत नाही. सगळे गप्प झाले. भुरके मारल्याचे आवाज तेवढे येत राहिले.

पहिले तात्या बोलले. "सूनबाईला सांगा, आजवर लई रस्से खाल्ले, पर ह्यो आजचा! वाटी आना अजून." दुसऱ्या कुणाला लहानपणी धनगराच्या वाड्यावर खाल्लेलं आठवलं, तिसऱ्याला सैन्यातलं काही आठवलं. वाटी मागून वाटी. भाकरी सोडून माणसं रस्सा प्यायला लागली. दादानं तर फोन काढून ताटाचा व्हिडिओ केला आणि "आईच्या हाताची जादू, मित्रांनो" म्हणाला. बंब आणणारा माणूस, पण त्यालाही धूर ओळखू आला नाही! दाराआड बसून मी हे ऐकत होते.

अण्णा फुगले होते. त्यांनी मला हाक मारली. "शीतल! ये हिकडं. ऐकलंस का? आता सांग, तुजी आई कुठल्या कालिजात गेलती? पुण्याला गेलती का?" पंगत हसली. तेच हसणं, ओतूरचंच. "आन तुजं ते बंबातलं कुठाय? कवा वाढनार?"

मी काय सांगणार? मोरीत आहे म्हणून? खरं बोलले तर वीस वर्षं गाजलेली आई भावकीपुढं उघडी पडणार, आणि मी रडकी, हरल्यावर आईवर ढकलणारी.

"म्हंजे जळालं," अण्णा म्हणाले. खरं तर थोडं प्रेमानंच म्हणाले, जिंकलेल्या माणसाला परवडतं तसं. "असू दे. जेवणं झाल्यावर ओतूरला फोन लावतो. तात्या, तुमी हायेतच."

मी आत पळाले आणि आईच्या अंगावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "ते जळलं नव्हतं! ते तसंच असतंय, काळं! त्यातच सगळी चव असती आई, ती तू घासून काढलीस! आता झालं ना तुझ्या मनासारखं? दे मला ओतूरला!"

आईच्या हातात पळी होती. आमच्याकडं बाई सगळ्यांत शेवटी जेवते, नैवेद्याच्या स्वयंपाकाची चवही मधे घेत नाही. त्यामुळं त्या रश्श्याचा थेंब तिच्या जिभेला लागला नव्हता. तिनं पळीतला रस्सा तळहातावर घेतला आणि चाखला. थांबली. परत घेतला. वीस वर्षं तोच मसाला, तेच पातेलं, तिच्यापेक्षा तो रस्सा कुणाला जास्त माहीत असणार? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी रडायची थांबले. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पळी हातात घेऊनच बाहेर गेली.

तात्या तिच्या सासऱ्याच्या जागी. त्यांच्यापुढं ती कधी उभी राहून बोलली नव्हती. तेव्हाही ती त्यांच्याकडं न बघता बोलली, ओट्याच्या खांबाकडं बघून. "मामंजी, रस्सा म्या केलाय, पर चव माजी न्हाई. मटण पोरीनं केलं व्हतं, पहाटपासनं बंबाजवळनं हलली न्हाई. काळं दिसलं म्हणून जळलं वाटलं मला. म्या नळाखाली धरून काथ्यानं घासलं, मंग रश्श्यात टाकलं. माजा रस्सा तुमी वीस वरसं खाताय. असा कंदी लागला व्हता का?"

काथ्यानं घासलेलं मटण आपण तीन-तीन वाट्या खाल्लं, हे पचवायला माणसांना वेळ लागला. अण्णा म्हणाले, "अगं, कायतरी काय बोलती! रस्सा तो रस्साच. मागून खाल्ला त्यो रस्सा. म्हंजे अट तर..."

"थांब रं," तात्या म्हणाले. वाटी त्यांच्या हातात तशीच होती. तिचा तळ त्यांनी बोटानं पुसून खाल्ला आणि विचारात पडल्यासारखे म्हणाले, "काथ्यानं घासल्यावर ह्यी चव. मंग न घासता कसं असंल?"

साक्षीदार अण्णांनीच बसवला होता. शेवटी ते म्हणाले, "मी कुठं नको म्हणतोय? जाऊ दे की पुण्याला." आणि पुढच्या बुधवारपर्यंत सगळ्या पिंपळवंडीला माहीत झालं की पोरीला शिकायला पाठवायचं अण्णांच्या मनात पहिल्यापासून होतं, बायको मागं ओढत होती. आजही एखाद्या लग्नात भेटलेला माणूस मला सांगतो, "तुमच्या वडलांची दूरदृष्टी लई." मी हो म्हणते. जेवणावळीत वाद नको वाटतो.

पंगत उठली, विड्या पेटल्या, माणसं आंब्याखाली आडवी झाली. स्वयंपाकघरात आम्ही दोघी आणि खरकट्याचा डोंगर. पातेल्यात रस्सा उरला नव्हता, कधीच उरत नसे. आई भाकरीवर ठेचा घेऊन बसली. मी तिला विचारलं, "कशाला सांगितलंस गं? तुझं नाव झालं होतं."

"नाव!" आई म्हणाली. "वीस वरसं वा वा केली त्येंनी. वाटी मागायला सगळी पुढं. एकानं तरी कंदी इचारलं का, तुज्यासाटी उरलाय का म्हणून? असल्या नावाचं मी लोणचं घालू? तू जा बया. तितं ताट वाढून घेऊन आदी तूच जेव."

मला रडू आलं. ते लपवायला मी बंब साफ करायला म्हणून बाहेर गेले. झाकण उघडलं तर धुराड्याच्या बाजूच्या जाळीवर, कोपऱ्यात, फऱ्याचा एक तुकडा राहिलेला. काढताना घाईत माझ्या नजरेतून सुटलेला. काळाकुट्ट, न घासलेला. तो मी पानावर घालून आत आणला आणि आईच्या ताटात ठेवला. ती आधी नको म्हणाली, मग तिनं एक तुकडा तोडून तोंडात घातला. डोळे मिटून खूप वेळ चावत राहिली. मी तिच्यासमोर उकिडवी बसून तिच्या जबड्याकडं बघत होते, एवढी भीती मला तात्यांचीही वाटली नव्हती. तिनं घास गिळला, दुसरा मोठा तुकडा तोडला आणि म्हणाली,

"मीठ कमी पडलंय. तेवडं पुण्यात नीट शिकून घे."